स्वरावर जगू पाहणाऱ्या कवयित्रीस

चि. छोटीस,

तुझे पत्र पावले. बँकेतील नोकरीचा राजीनामा देऊन, तुम्ही मंडळी ज्याला स्पोकन वर्ड म्हणता त्या, श्रोत्यांपुढे म्हणून दाखवायच्या काव्यप्रकारावरच उदरनिर्वाह करण्याचा तुझा मनोदय वाचून घरात चिंता उत्पन्न झाली असली, तरी मला त्यात वावगे काही दिसत नाही. मात्र त्याच त्या कॅफेंतील ओपन माइकचा आणि तिथे तुझ्याच वयाच्या, तुझ्याच मताच्या श्रोत्यांकडून मिळणाऱ्या वाहवेचा तू वारंवार जो उल्लेख केला आहेस, त्याने मी अस्वस्थ झालो, आणि म्हणूनच बेंजामिन झेफनाया या कवीचे चरित्र तुझ्यापुढे ठेवावेसे वाटते.

1958 साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी, जमैकाहून आलेली परिचारिका आणि बार्बाडोसहून आलेला टपालवाला यांच्या पोटी तो जन्मला. वाचन-लेखनात अडसर आणणारा त्याचा डिस्लेक्सिया शाळेत कोणी ओळखला नाही. तेराव्या वर्षी शाळा सुटली, आणि पुढे घरफोडीच्या गुन्ह्याबद्दल कैदही भोगावी लागली. परंतु कविता त्याच्यापाशी अक्षरांच्या वाटेने आलीच नव्हती. जमैकाच्या बोलीतून आणि रेगे संगीताच्या ठेक्यातून ती आली, आणि बालपणी चर्चमध्ये काव्य म्हणून दाखविणारा हा मुलगा पंधराव्या वर्षापर्यंत हँड्सवर्थ भागातील कॅरिबियन आणि आशियाई वस्त्यांत कवी म्हणून ओळखला जाऊ लागला. वाचायला आणि लिहायला तो नीटपणे शिकला तो विशी उलटल्यावर, प्रौढांच्या वर्गात.

आता माझा मुद्दा. ज्या वस्तीत आपल्याला मान आहे, जिथे पहिल्या शब्दालाच दाद मिळते, ती वस्ती सोडून बाविसाव्या वर्षी हा तरुण लंडनला गेला, कारण आपल्याच लोकांना आपलीच व्यथा सांगत राहण्याची मर्यादा त्याला जाचू लागली होती. 1980 साली 'पेन रिदम' हा त्याचा पहिला संग्रह निघाला. पण जे पुस्तके वाचीत नाहीत त्यांच्यापर्यंत कविता नेणे हेच त्याने आपले कार्य मानले, आणि सभा, ध्वनिमुद्रिका, दूरदर्शन यांपैकी कोणतेही साधन त्याने त्याज्य मानले नाही. 1994 साली 'टॉकिंग टर्कीज' हा संग्रह त्याने मुलांसाठी काढला, आणि त्याच्या सर्व उद्योगात मला हा सर्वांत धाडसाचा वाटतो. कारण प्रौढ श्रोता कंटाळला तरी सभ्यपणे बसून राहतो, मूल मात्र कंटाळताच चुळबुळ करू लागते, आणि त्या चुळबुळीइतका निःपक्षपाती परीक्षक कोणत्याही काव्यमंडळात तुला भेटणार नाही.

2003 साली ब्रिटिश साम्राज्याच्या नावाने मिळणारा किताब त्याने जाहीरपणे नाकारला. पूर्वजांच्या गुलामगिरीचे स्मरण ज्या नावाने होते, ते मिरवीत आपल्या श्रोत्यांपुढे उभे राहणे त्याला अशक्य होते, असे मी समजतो. कोणापुढे उभे राहायचे हे ज्याने स्वतः ठरविले, त्याला कोणाकडून काय घ्यायचे नाही हेही ठरविता आले.

आपल्याकडे शाहीर अमर शेखांनी कामगारांच्या सभा जिंकल्या. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या त्रयीने गावोगाव काव्यवाचन केले. तो मार्ग तुलाही मोकळा आहे. तालुक्याच्या वाचनालयात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, रात्रपाळी संपवून आलेल्या कामगारांपुढे कविता म्हण. कवितेतील कोणती ओळ केवळ तुमच्या कंपूलाच कळणारी होती, ते तिथे आपोआप उघडकीस येईल. अशी ओळ सापडली की श्रोत्यांना अरसिक ठरवू नकोस, ती पुन्हा घडव. कविता मुखोद्गत असू दे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दृष्टी खिळलेली असेल, तर समोरचा माणूस तुला दिसणारच नाही. बिदागीची बोलणी आधी आणि लेखी कर. त्यात संकोच नको. धनिक आयोजकाकडून पुरता मोबदला घे, म्हणजे शाळेकडून काही न घेण्याची सवड तुला राहील.

आमच्या वाचनालयाच्या चिटणिसांकडे मी तुझ्याविषयी शब्द टाकला आहे. शनिवारच्या सभेस बहुतेक निवृत्त शिक्षक, काही शेतकरी आणि त्यांच्या घरच्या बायका येतात. तुझ्या कविता त्यांना पसंत पडतील अशी हमी मी देत नाही. कोणत्या शनिवारी येऊ शकशील ते उलट टपाली कळव. जाण्यायेण्याचा खर्च संस्था देईल आणि मुक्काम अर्थातच आपल्या घरी. तुझ्या बाबांस सा. नमस्कार, आईस आशीर्वाद.

तुझा,
मामा