रेंज नसलेल्या शाळेतले वेबपेज



"सर, आमच्या शाळेत रेंजच नाही. वेबपेज शिकून करायचं काय?" नाशिकच्या आमच्या वर्गात पहिल्याच शनिवारी सुरगाण्याकडच्या एका बाईंनी विचारले. त्यांच्या पहिलीतली मुले घरी कोकणा बोलतात. पुस्तकातली मराठी कानावर पडली की गप्प बसतात. बाईंना त्या मुलांसाठी काहीतरी हवे होते. मी आणलेला धडा बाजूला ठेवला आणि त्यांच्या प्रश्नापासून सुरुवात केली.

पाठ १ : साधी फाइल
वेबपेज म्हणजे मजकुराची साधी फाइल. ती नोटपॅडमध्ये लिहायची, नावाच्या शेवटी टिंब देऊन एचटीएमएल जोडायचे आणि ब्राउझरमध्ये उघडायची. त्याला इंटरनेट लागत नाही; पेनड्राइव्ह पुरतो. कोनी कंसातल्या खुणा ब्राउझरला सांगतात, हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र. बहुतेक खुणा उघडल्या की तिरकी रेघ देऊन बंद कराव्या लागतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये सर्न या संशोधन संस्थेने ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. म्हणून पाड्यावरच्या शिक्षकालाही फी किंवा परवानगी लागत नाही.

पाठ २ : अक्षर
बाईंनी घरून चाळीस पानांचे स्वाध्याय आणले होते, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. पानावर टाकताच सगळी इंग्रजी चिन्हे उमटली. "पुन्हा टाइप करा," मी सहज म्हणून गेलो. बाई काही बोलल्या नाहीत. चूक माझी होती; फॉन्टचे आधीच विचारायला हवे होते. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे नुसते चित्र असते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, 'क'चा २३२५. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करायची आणि पानाच्या शीर्षभागात तसे नोंदवायचे, म्हणजे मराठी कुठेही वाचता येते. ती चाळीस पाने मग वर्गातल्या सगळ्यांनी वाटून घेतली.

पाठ ३ : आजीचा आवाज
शेवटच्या शनिवारी बाईंनी पान केले. वर चित्र, खाली पुस्तकातला शब्द, त्याखाली घरचा शब्द आणि तो ऐकवणारे बटण. आवाज एका मुलीच्या आजीचा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेला. ऑडिओ ही एकच खूण, आणि आवाजाची फाइल त्याच फोल्डरमध्ये. पुढच्या वेळी बाई सांगत होत्या, "ती पोरगी वर्गात कधी बोलत नव्हती. बटण दाबलं आणि ओरडली, ही माझी आजी!"

शरणपूरची वस्ती १८५४ ची. तिथे अक्षरांबरोबर सुतारकाम, लोहारकामही शिकवत. हातात हुन्नर देण्याची ती रीत आपल्याला नवी नाही. आपल्यापैकी कोणाला संगणकाचे थोडेफार येत असेल, तर एक शनिवार द्यावा. वापरात नसलेला लॅपटॉप असेल तर तोही चालेल. रेंज नसली तरी.