दोन घरांतले मूल आणि निघतानाची पाच मिनिटे



या आठवड्याचा अभ्यास-विषय थोडा अवघड आहे. आई-बाबा वेगळे राहतात अशी मुले आपल्याही परिवारांत आहेत. त्यावर कुजबुज भरपूर होते, अभ्यास होत नाही. गोव्यात घटस्फोटाचा कायदा 1910 च्या पोर्तुगीज फर्मानापासून चालत आला आहे, म्हणजे विषय काही कालचा नव्हे. मोठ्यांमध्ये कोणाचे चुकले हे आज आपल्याला बघायचे नाही. मूल एका घरून दुसऱ्या घरी जाते तेव्हा त्याचे काय होते, एवढेच बघू या.

धरून चालू या, चार वर्षांची एक मुलगी आहे. आईसोबत डिचोलीला आजोळी राहते, बाबा पेडण्याला. शनिवारी बाबा न्यायला आले की ती आईला घट्ट धरून रडते. आजी म्हणते, "बघा, तिला जायचंच नाही!" रविवारी संध्याकाळी परत निघताना तीच मुलगी बाबांच्या गळ्यातून हात काढत नाही. तिकडची आजी म्हणते, "बघा, तिला तिथे नकोच आहे!" दोन्ही आज्यांना पुरावा मिळाला. रडणे मात्र एकच आहे. सोबतचे माणूस सुटते आहे, याचे ते रडणे. बालवाडीच्या पहिल्या आठवड्यात दारात आकांत करणारे मूल थोड्या वेळाने खेळायला लागते, तसेच हे. म्हणून दारातल्या रडण्यावरून निकाल देऊ नये. पोचल्यावर अर्ध्या-एक तासाने ती खेळते का, जेवते का, रात्री झोपते का, ते बघावे.

या वयात "शनिवारी" म्हणजे काय ते कळत नाही. "दोनदा झोपून उठलीस की बाबा येणार" हे कळते. भिंतीवरच्या कालनिर्णयवर बाबांच्या दिवसाला एक रंग आणि आईच्या दिवसाला दुसरा लावला तर मूल स्वतःच बोट ठेवून मोजते. दोन-अडीच वर्षांच्या आतले मूल असेल तर महिन्यातून एकदा दोन दिवस नेण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा दोन-दोन तासांची भेट बरी. तेवढ्या लहान मुलाला लांबलेली ताटातूट सोसत नाही, आणि मध्ये फार दिवस गेले तर ते बाबांनाच परके समजू लागते.

आता निघतानाची पाच मिनिटे. पिशवी आदल्या रात्री भरून ठेवावी. झोपताना लागणारी जुनी गोधडी किंवा बाहुली त्यात असावीच, मग ती कितीही मळलेली असो. (धुवायची घाई करू नका, तिचा वासच मुलाला धीर देतो.) निरोप छोटा आणि हसरा हवा. "तुझ्याशिवाय मला करमणार नाही गं" हे आपण मायेने म्हणतो, पण मूल ते ओझे घेऊन गाडीत बसते. त्यापेक्षा "मजा कर, रविवारी मी इथेच आहे" म्हणावे. दोघे समोर आले की वाद होत असतील तर बाबांनी परस्पर बालवाडीतूनच न्यावे. तिथे आईचा हात सोडण्याचा प्रसंगच येत नाही.

परत आल्यावरची चौकशी हा मात्र खास आपल्या आजी, मावशी, आत्यांचा प्रांत! "तिकडे काय जेवलीस? कोण आलं होतं? बाबा आमच्याबद्दल काय म्हणाले?" दोन-तीन वेळा असे झाले की मूल शिकते, ज्या घरी आहोत तिथे त्यांना आवडेल तेच सांगायचे. त्याला खोटे बोलायला आपणच शिकवतो. हातपाय धुवायला लावावे, पेज वाढावी आणि गप्प बसावे. सांगायचे ते मूल स्वतःहून सांगते. त्या दिवशी ते थोडे चिडचिडे राहील, ते चालायचेच.

भेट म्हणजे बाबांवरचे उपकार असे काहींना वाटते. बालहक्कांच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय करारात दोन्ही पालकांशी नियमित संपर्क हा मुलाचा हक्क मानला आहे, आणि भारताने तो करार 1992 मध्ये स्वीकारला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की मुलाला दोघांचेही प्रेम मिळायला हवे आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तिथे व्हिडिओ कॉलने बोलणे व्हावे. ज्यांचे बाबा जहाजावर किंवा आखातात आहेत त्यांनी हे लक्षात घ्यावे. हितसंबंध बिघडले म्हणून फोन उचलायचा नाही, हे बरे नव्हे.

मात्र मारहाण, दारू, अंगावर वळ, किंवा पोचल्यावरही न संपणारी भीती असेल तर वरचे काहीही लागू नाही. तिथे समजुतीने घ्या असे कोणी सांगू नये, आपल्या परिवारातल्या ज्येष्ठांनीही नाही. मुलांसाठी 1098 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक घरात लिहून ठेवा, वकिलाशी बोला.

राहिली चवथ. वर्षभर सुरळीत चाललेले इथे मोडते, कारण दोन्ही घरी गणपती आणि दोन्ही घरी माटोळी. चवथीच्या आदल्या दिवशी दारात ओढाताण करण्यापेक्षा महिनाभर आधी ठरवून कागदावर लिहावे. एका वर्षी पहिला दिवस इकडे, पुढच्या वर्षी तिकडे. एका घरी दीड दिवसाचा आणि दुसऱ्या घरी पाच दिवसांचा असेल तर दोन्ही मिळतातच. डिचोलीहून पेडण्याला म्हापशाला बस बदलून जावे लागत असेल, तर विसर्जनाच्या संध्याकाळी न नेता दुसऱ्या दिवशी सकाळी न्यावे. आणि माटोळीला बांधायचे एखादे फळ मुलाच्या हाती द्यावे, तिकडच्या घरासाठी.