भिंगावरील लेप आणि कृष्णधवल छायाचित्रातील छटा

रंगीत छायाचित्रात दोन वस्तू रंगभेदामुळे वेगळ्या ओळखू येतात. कृष्णधवल छायाचित्राला हा आधार नसतो. तेथे चेहरा, वस्त्र, भिंत, आकाश हे सर्व केवळ काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांनीच उमटते. म्हणून छटांमधील अंतर कमी करणारी कोणतीही गोष्ट चित्रातील माहितीच पुसत असते.

प्रकाश हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत जाताना प्रत्येक पृष्ठभागावर त्याचा सुमारे ४ टक्के भाग परावर्तित होतो. इ.स. १९०२ मधील प्रसिद्ध टेसार भिंगात हवेला स्पर्श करणारे असे सहा पृष्ठभाग असतात. लेप नसल्यास त्यातून सुमारे ७८ टक्केच प्रकाश पार जातो. हा क्षय उद्भासनाचा काळ वाढवून भरून काढता येतो. खरी हानी निराळी आहे. परावर्तित प्रकाशाचा काही अंश दुसऱ्या पृष्ठभागावरून पुन्हा उलटतो आणि धूसर आवरणाप्रमाणे फिल्मवर पसरतो.

एक उदाहरण पाहू. ओसरीत उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्यांखालच्या छायेतून १ एकक, गालावरून २ एकके आणि उन्हातील पांढऱ्या सदऱ्यावरून १२८ एकके प्रकाश फिल्मवर पडतो असे मानू. धूसर प्रकाशाचे १ एकक सर्वत्र मिसळले, तर हे आकडे २, ३ आणि १२९ होतात. सदऱ्यात जवळजवळ काहीच बदलले नाही. परंतु गाल छायेच्या दुप्पट उजळ होता, तो आता दीडपटच राहिला. चेहऱ्याचा उठाव गेला. एकूण तफावतही १२८ पटींवरून सुमारे ६५ पटींवर आली.

यावरील उपाय जुन्या भिंगांनीच सुचविला. काळाच्या ओघात डागाळलेली काही भिंगे नव्यांपेक्षा अधिक प्रकाश पार करतात, हे इंग्लंडमधील डेनिस टेलर यांनी १८९० च्या दशकात हेरले. पुढे १९३५ मध्ये जर्मनीतील झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पात्रात भिंगावर पातळ लेप चढविण्याची पद्धत सिद्ध केली. मॅग्नेशियम फ्लुओराइडचा असा लेप मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका, म्हणजे लेपातील प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश जाडीचा असतो. लेपाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणारे तरंग परस्परांच्या विरुद्ध अवस्थेत येतात व एकमेकांना क्षीण करतात. प्रकाश नष्ट होत नाही, तो पुढे जातो. परावर्तन ४ टक्क्यांवरून सुमारे १.३ टक्क्यांवर येते. धूसर प्रकाश दोन परावर्तनांतून जन्मतो; त्यामुळे तो जवळजवळ एक दशांश उरतो.

फिल्म अधिक वेळ डेव्हलप केली किंवा कठोर प्रतीचा कागद वापरला, तर चित्राची एकूण तफावत वाढते; मात्र छायेतील हरवलेला उठाव पूर्ववत होत नाही, उलट उजळ भाग भाजल्यासारखे पांढरे होतात. कडक उन्हात गडद छाया किंचित उघडाव्यात म्हणून काही छायाचित्रकार लेपरहित भिंग मुद्दाम निवडतात. ती जाणीवपूर्वक केलेली निवड असते. इतरांनी भिंगाला हूड लावावा, बोटांचे ठसे टाळावेत आणि जुने भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसू नये. आरंभीचे लेप मऊ असत. ते सहज ओरखडतात.

विद्यार्थ्यांनी खिडकीचे प्रतिबिंब जुन्या व नव्या भिंगात पाहावे. लेपरहित काचेत ते पांढरे आणि ठळक दिसेल, लेप असलेल्या काचेत जांभळट किंवा पिवळसर आणि मंद. जे प्रतिबिंब मंद झाले, त्याचा प्रकाश चित्राच्या कामी आला.