साडेआठ हजारांचा संच आणि वाढलेल्या पुटकुळ्या

प्रश्न : मी मारुंजीत राहते, हिंजवडीत नोकरी करते. वय २९. हनुवटीवर आणि गालांवर सारखे मुरूम येतात, जाताना काळे डाग ठेवून जातात. शेवटी मनाचा हिय्या करून मॉलमधून सहा बाटल्यांचा साडेआठ हजारांचा संच आणला. फेसवॉश, टोनर, ॲसिडचं एक्सफोलिएटर, व्हिटॅमिन सी, रेटिनॉल आणि क्रीम. महिना होत आला तरी तोंड आणखीच भरलंय, वर आग होते. काउंटरवरची मुलगी म्हणते, "हे पर्जिंग आहे, आतली घाण बाहेर पडतेय, थांबू नका." सासूबाई म्हणतात, सगळा दोष आपल्या टँकरच्या पाण्याचा. खरं कुणाचं?
ता. क. : मिस्टर चाकणला सीएनसी मशीनवर आहेत. त्यांच्या हातांवर आणि मांड्यांवर बारीक फोड येतात. ते माझंच फेसवॉश वापरतात. चालेल का?

उत्तर : दोघींचंही थोडं थोडं खरं आहे, पण तुमची आग दोघींनीही मनावर घेतलेली नाही.

आधी पर्जिंग. त्वचेच्या आत घाण साठलेली नसते. छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बसतात, मागे तेल तुंबतं, एरवी सगळ्यांच्याच चेहऱ्यावर गुण्यागोविंदाने राहणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू तिथे माजतो आणि सूज येते. ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा धुळीचा नसतो, त्यामुळे बांधकामांच्या धुळीला शिव्या देऊन उपयोग नाही. मुरूम डोळ्यांना दिसायच्या बरेच आधी आत धरायला लागतो. रेटिनॉल किंवा ॲसिड पेशी गळण्याचा वेग वाढवतं, त्यामुळे पुढे यायचे ते मुरूम आताच वर येतात. पर्जिंग म्हणतात ते एवढंच. ते नेहमीच्याच जागी होतं आणि साधारण चार-सहा आठवड्यांत ओसरतं. फेसवॉश, टोनर, साधं क्रीम यांनी पर्जिंग होत नाही. आणि आग होणं, सालं निघणं, नुसतं पाणी लागलं तरी चरचरणं हे तर पर्जिंग नव्हेच. तुमच्या त्वचेचा वरचा संरक्षक थर दुखावलाय. ॲसिड आणि रेटिनॉल एकदम सुरू केल्यावर दुसरं काय होणार? शिवाय सहाही बाटल्या एकाच दिवशी उघडल्या, त्यामुळे गुन्हेगार कोण हेही आता कळायला मार्ग नाही.

तेव्हा थांबा. दोन-तीन आठवडे साधं बिनवासाचं फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन, बस्स. आग शमली की त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पिंपरीत वायसीएम आहे, डी. वाय. पाटील रुग्णालय आहे, खासगी दवाखाने तर पावलोपावली. मुरमांवर पहिलं औषध म्हणून बहुधा ॲडापलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड मिळेल, किंवा दोन्ही. वाटाण्याएवढं घ्यायचं, सुरुवातीला एक-दोन रात्री आड, आणि पुटकुळीवर टिंब न देता मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं. बेन्झॉइल पेरॉक्साइड कपड्यांचा रंग उडवतं, म्हणून उशीला जुना पांढरा अभ्रा घाला. बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, कारण रेटिनॉल, ॲडापलीन ही मंडळी तेव्हा बाजूला ठेवतात. पाळी अनियमित असेल तर तेही सांगा. हनुवटीवरच्या हट्टी मुरमांचं मूळ कधीकधी पीसीओएसमध्ये असतं, तिथे कुठलंही सीरम पोचत नाही.

फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. साडेआठ हजार मोजले म्हणून ते चार होत नाहीत.

मग महागड्या बाटलीत जास्तीचं असतं काय? वास, पोत, काच, आणि कधीकधी खरोखर चांगलं फॉर्म्युलेशन. व्हिटॅमिन सी हवेने आणि उजेडाने खराब होऊन तपकिरी पडतं, तिथे चांगल्या पॅकिंगला अर्थ आहे. फेसवॉश मिनिटभरात मोरीत जातं, त्यावर दीड हजार घालवण्याला मात्र नाही. तुमच्या संचातलं क्रीम घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडच्या नियमानुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्याखालचे नंतर, कुठल्याही क्रमाने. यादीत 'फिनॉक्सिएथॅनॉल' हे टिकवणारं रसायन बहुतेक वेळा सापडेल. ते एक टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही, म्हणजे यादीत त्याच्यानंतर जे जे लिहिलंय ते एक टक्का किंवा त्याहून कमी. खोक्यावर मिरवणारं केशर आणि सोनं कुठे बसलंय ते बघा. (रेटिनॉलचं नाव यादीत शेवटी दिसलं तर दचकू नका, ते थोडंच लागतं.)

तुमचा संच महाग आहे, पण मला त्याची भीती वाटत नाही. भीती वाटते ती तो फेकून दिल्यावर कुणीतरी सुचवेल त्या आठ दिवसांत तोंड उजळवणाऱ्या स्वस्त क्रीमची. अकोल्यातल्या एका घरात असं क्रीम आलं होतं. कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर धागा त्या क्रीमपर्यंत आणि त्यातल्या पाऱ्यापर्यंत पोचला. २०२३ मध्ये ही बातमी गाजली. पारा त्वचेत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झटपट उजळतो. डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर आपल्याकडे चुकून राहिलेल्या पाऱ्याची मर्यादा आहे दहा लाखांत एक भाग. दुसरा धोका मेडिकलमधल्या स्टेरॉइडवाल्या ट्यूबचा, मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल ही नावं त्यातली. चार दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो, मग कातडी पातळ होते, लाली राहते, मुरूम दुपटीने येतात आणि ट्यूब सोडवत नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने आवाज उठवला आणि २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं सरकारने ठरवलं. तरी काउंटरवरून ती मागितली जातात आणि मिळतातही. ज्या ट्यूबवर आरएक्सचं चिन्ह आहे ती मैत्रिणीच्या शिफारशीवर लावू नका, आणि ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांकच नाही ती घरातच आणू नका.

आता सासूबाईंचं पाणी. टँकर बहुधा बोअरचं जड पाणी आणतो. नळावर पांढरा क्षार धरतो ना, तोच कॅल्शियम. साबणाशी मिळून त्याचा न विरघळणारा साका होतो, तो कातडीवर राहतो आणि चेहरा ओढल्यासारखा वाटतो. मुरूम त्याने येत नाहीत, पण कोरडेपणा आणि चरचर नक्की वाढते. उपाय सोपा आहे. साबणाऐवजी सिंडेट, म्हणजे बिनसाबणाचं क्लेन्झर वापरा. हजारोंचा सॉफ्टनर बसवू नका.

डागांवर पहिलं औषध म्हणजे सनस्क्रीन. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मुरमाची सूज गेली तरी रंग मागे राहतो आणि ऊन त्याला गडद करतं. एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटं भरून. रंगीत, आयर्न ऑक्साइडवालं मिळालं तर उत्तम, कारण डाग गडद करण्यात साध्या प्रकाशाचाही हात असतो. दुचाकीवर जात असाल तर हेल्मेटच्या आतला फोम धूत जा. कपाळावर आणि पट्ट्याखाली रांगेने येणारे मुरूम पुष्कळदा घर्षणाचे आणि घामाचे असतात.

राहिले मिस्टर. सीएनसीवरच्या माणसाला मांड्यांवर आणि हातांवर फोड आले, तर आधी कटिंग ऑइल आणि कूलंटकडे बोट दाखवावं. तेलाने भिजलेली पँट दिवसभर मांडीला घासते, केसांच्या मुळांशी तेल तुंबतं आणि दाह होतो. फेसवॉश चालेल, पण काम होणार नाही. त्यांना रोज धुतलेली डांगरी, पुढे तेल न झिरपणारा एप्रन आणि शिफ्ट संपल्यावर लगेच आंघोळ लागेल. तेलकट चिंधी खिशात ठेवायची सवय असेल तर ती मोडा, आणि हात रॉकेल-थिनरने पुसत असतील तर तेही. खाज आणि लाल चट्टे असतील तर कूलंटची ॲलर्जीही असू शकते. डॉक्टरकडे जाताना सुपरवायझरकडून त्या कूलंटचं सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस, मागून न्यायला सांगा. त्यात कुठली रसायनं आहेत ते डॉक्टरांना नेमकं कळेल.