ठासणीच्या तोफेतला फुटणारा गोळा

प्रश्न : तोंडाकडून भरायच्या जुन्या तोफांमधून फुटणारे गोळेही डागत, असे वाचले. पेटत्या वातीचा गोळा नळीत ठासताना तो गोलंदाजांच्या अंगावरच कसा फुटत नसे?

उत्तर : शंका रास्त आहे, पण ठासताना वात पेटलेली नसे. फार पूर्वी उखळी तोफांत आधी गोळ्याला आणि मग तोफेला, अशी दोनदा बत्ती देत. तोफ उडाली नाही तर पेटलेला गोळा आतच राही! एकोणिसाव्या शतकापर्यंत ही जीवघेणी पद्धत मागे पडली होती.

अमेरिकेच्या यादवी युद्धातली (१८६१–६५) ‘नेपोलियन’ तोफ पाहा. नळीचा आतला व्यास ४.६२ इंच, गोळ्याचा ४.५२. दारूचा भडका उडाला की ज्वाळा या बारीक फटीतून गोळ्याला वळसा घालून पुढे येई आणि तीच वात पेटवी.

म्हणजे वातीचे तोंड दारूकडे हवे, असे कोणालाही वाटेल. खरे उलटे आहे. वात दारूकडे असती, तर स्फोटाच्या दाबाने ती गोळ्यात घुसून गोळा नळीतच फुटला असता. म्हणून ती तोफेच्या तोंडाकडेच ठेवत. गोळा आत फिरू नये यासाठी तो पत्र्याच्या पट्ट्यांनी लाकडी बैठकीला जखडलेला असे.

फुटण्याची वेळ आधी ठरवावी लागे. ‘बोरमान’ नावाच्या वातीत शिसे-कथिलाच्या चकतीत दारूची वळणदार रेघ असे आणि वर सेकंदांच्या खुणा, सव्वापाचपर्यंत. हव्या त्या खुणेवर पातळ धातू टोचला की तिथली दारू उघडी पडे.

भरताना खरी भीती गोळ्याची नव्हतीच. ती आधीच्या बारातून नळीत राहिलेल्या ठिणगीची. नवी दारू तिच्यावर पडली, तर ठासणाऱ्याचे हात जात. म्हणून प्रत्येक बारानंतर ओला बोळा फिरवत. त्या वेळी आणि दारू ठासतानाही एक जण चामडी टोपण घातलेला अंगठा तोफेच्या कानावर, म्हणजे बत्ती द्यायच्या छिद्रावर, घट्ट दाबून धरी. हवा खेळली नाही, तर निखारा फुलत नाही. ठासणाऱ्याचा जीव त्या अंगठ्यावर असे, आणि माझ्या मते त्या तोफेपाशी सर्वांत मोठी जबाबदारी त्याचीच होती.

पुढे आटे पाडलेल्या पॅरट तोफा आल्या. त्यांच्या लांबट गोळ्याच्या बुडाचे पितळी कडे स्फोटाने फुगून आट्यांत घट्ट बसे, त्यामुळे ज्वाळेला पुढे यायला वाटच उरेना. वात न पेटण्याच्या तक्रारी वाढल्या आणि आपटताच फुटणारे गोळे अधिक सोयीचे ठरले.