रेडिएशननंतर दाढ काढावी का?

प्रश्न : बाबांना गालाच्या कॅन्सरसाठी रायपूरला रेडिएशन दिलं. तोंड कोरडं पडतं, पोळी गिळवत नाही. एक दाढही किडली आहे. काढून टाकू का? – एक वाचक, रायपूर

उत्तर : घाई करू नका. रेडिएशनने जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो. अशा हाडातली दाढ काढली तर जखम नीट भरेलच असं नाही, कधी हाडच मरतं. खालच्या जबड्याला हा धोका अधिक आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. म्हणूनच खराब दात उपचाराच्या दोन-तीन आठवडे आधी काढतात. आता रूट कॅनालने दाढ वाचते का, हे दंतवैद्य आणि रेडिएशनचे डॉक्टर मिळून ठरवतील. किती ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक), कुठे दिले, तो कागद सोबत न्या.

दाढ किडली तीही बहुधा लाळ आटल्यामुळेच. कानापुढच्या लाळग्रंथींना सरासरी २६ ग्रेहून कमी मात्रा गेली असेल, तर वर्ष-दोन वर्षांत लाळ बरीच परतते. तोवर पोळी वरणात कुस्करून द्या, पाणी घोट घोट, आणि दातांना रोज डॉक्टरांनी सांगितलेलं फ्लोराइड जेल. लिंबाच्या गोळ्या नकोत.

गुडाखू घरात असेल तर आजच फेका. छत्तीसगडात तो दात घासायच्या नावाखाली खपतो, पण आहे तंबाखूच. जबडा आखडून तोंडात उभी तीन बोटं जात नसतील, तर जबड्याचे व्यायाम लगेच शिकून घ्या.