मेंदूचा आलेख

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात, चाकणजवळ, महाळुंगे हे गाव आहे. एके काळी शेतीवर जगणाऱ्या या गावाच्या परिसरात आज मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे मोठमोठे कारखाने उभे आहेत. यंत्राच्या पोटात काय चालले आहे, हे कामगाराला डोळ्यांनी दिसत नाही. तथापि मापकाचा काटा पाहून आतील दाब व उष्णता किती, हे तो अचूक सांगतो. शाळेतील गुरुजींपाशी मात्र असा काटा नसतो. विद्यार्थ्याची दृष्टी फळ्यावर आहे, हे त्यांना दिसते. पण मन कोठे आहे? मनाचे मापन करणारे एखादे यंत्र असू शकेल काय?

हा प्रश्न जर्मनीतील येना या गावच्या हान्स बर्गर या डॉक्टरांना निराळ्या कारणाने पडला होता. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडले व तोफेच्या चाकाखाली सापडता सापडता वाचले. त्याच दिवशी दूर घरी त्यांच्या बहिणीच्या मनाला हुरहूर लागली आणि वडिलांनी तार करून मुलाची खुशाली विचारली. एकाच्या मनातील भाव दुसऱ्यापर्यंत पोहोचत असावा, असे बर्गर यांना वाटले आणि मेंदूच्या शक्तीचा शोध घेण्यात त्यांनी आयुष्य वेचले.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्या परस्परांना संदेश देतात, तेव्हा अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतात. विजेरीच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. डोक्याच्या त्वचेवर जाणवणारा मेंदूचा दाब मात्र एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांनी मोजावा लागतो. इतका क्षीण दाब टिपून बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूचा पहिला विद्युत आलेख काढला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या आलेखात दर सेकंदाला ८ ते १३ लाटा उमटत. डोळे उघडताच त्या दबून जात. बर्गर विचार शोधावयास निघाले होते. हाती लागली ती लय.

पुढे हे यंत्र अपस्मारासारख्या विकारांच्या तपासणीत मोलाचे ठरले. काळाच्या ओघात ते इतके लहान झाले की वर्गातही नेता येऊ लागले. न्यूयॉर्क येथील एका शाळेत संशोधकांनी बारा विद्यार्थ्यांच्या डोक्यांवर अशी यंत्रे बसवून, एका सत्रातील अकरा तासांचे आलेख घेतले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्या वेळी विद्यार्थी पाठात रंगून जात, त्या वेळी त्यांच्या मेंदूंच्या लाटा एकमेकांशी अधिक जुळत. तास सुरू होण्यापूर्वी जे दोघे समोरासमोर बसून एकमेकांच्या डोळ्यांत पाहत, त्यांच्या लाटा तर विशेष जुळत. याचा अर्थ, शिकणे हे एकट्याचे असले, तरी त्याला सोबतीचे बळ मिळते.

तथापि यंत्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. कपाळावरील पट्टी फार तर मेंदू सावध आहे की सुस्त, याची खूण दाखवील. तो गुरुजींच्या गणिताविषयी सावध आहे की खिडकीबाहेरील चिमणीविषयी, हे ती कशी सांगणार? चीनमधील एका प्राथमिक शाळेत मुलांना अशा पट्ट्या बांधल्या जात. मुलाच्या एकाग्रतेप्रमाणे पट्टीवरील दिव्याचा रंग बदले. २०१९ साली हे वृत्त पसरताच मुलांवरील या पाळतीविषयी लोकांत नाराजी उसळली आणि त्या पट्ट्यांचा वापर थांबवण्यात आला.

आपल्याकडेही हा प्रश्न उपस्थित झाला होता, पण न्यायालयात. २००८ साली पुणे येथील न्यायालयात एका फौजदारी खटल्यात आरोपीच्या मेंदूचा आलेख पुराव्यात धरण्यात आला. पुढे अशा चाचण्यांविषयीच्या दुसऱ्या एका प्रकरणात, ५ मे २०१० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कोणाचीही अशी चाचणी सक्तीने करता येणार नाही. आरोपीच्या मनालाही जर उंबरठा आहे, तर निरपराध बालकाच्या मनाला तो नसावा काय?

मग अभ्यास नीट होतो आहे, हे ओळखावे कसे? त्याला तारांची गरज नाही. २००६ साली अमेरिकेत केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. इतरांनी पुस्तक मिटून, आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी बाजी मारली. पुनःपुन्हा वाचल्याने पाठ ओळखीचा वाटतो. आठवल्याने तो आपला होतो.

आलेखाने आणखी एक गोष्ट शिकवली आहे. झोपेतही मेंदू स्वस्थ नसतो. गाढ झोपेत त्याच्या मोठ्या, संथ लाटा उमटतात आणि दिवसभरात शिकलेले पक्के होण्यास मदत होते. महाळुंग्याच्या घराघरांत कारखान्याच्या पाळ्यांप्रमाणे निजण्याच्या वेळा बदलतात. अशा घरी मुलाच्या झोपेची वेळ जपणे, हेही त्याच्या अभ्यासाला साह्य करणेच होय.

यंत्राचा काटा कामगाराने पाहावयाचा असतो. मनाचा काटा मात्र ज्याचा त्याने पाहावा. पुस्तक मिटून, ‘मला काय आठवते?’ असे स्वतःला विचारणारा विद्यार्थी तो रोज पाहत असतो.

स्वाध्याय
१. बर्गर काय शोधावयास निघाले होते व त्यांना काय सापडले?
२. कपाळावरील पट्टी कोणती गोष्ट सांगू शकत नाही?
३. हा पाठ एकदा वाचून पुस्तक मिटा आणि आठवेल तेवढे लिहा. आठवड्याने पुन्हा लिहून दोन्ही ताडून पाहा.